बीजिंगहून परतल्यावर वाट कोण पाहतंय?

बारावीचा निकाल लागला, की पुण्याजवळच्या माण-हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगपासून लिफ्टपर्यंत एकच विषय असतो. कोणाचं पोर कुठे चाललं? जर्मनी, अमेरिका, आयर्लंड ही नावं आता वाकड-बालेवाडीइतकी ओळखीची झाली आहेत. चीनचं नाव निघतं ते एमबीबीएसपुरतं, आणि तेही आवाज जरा खाली आणून. अशा लिफ्टमध्ये कोणी सांगितलं, की आमची मुलगी अवकाश तंत्रज्ञान शिकायला बीजिंगला निघाली आहे, तर मजला आला तरी कोणी बाहेर पडणार नाही.

तरीही ही गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेली नववी-दहावीतली मुलं आता इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत आहेत. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाले, तेव्हा या वेडात आणखी भर पडली. ही मुलं मोबाइलवर इस्रोबरोबर चीनचीही मोहीम बघतात. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पहिल्यांदा यान उतरवलं ते चीनने, जानेवारी २०१९ मध्ये. त्याच पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती जून २०२४ मध्ये पृथ्वीवर आणली तीही चीननेच. स्वतःचं अवकाश स्थानक आहे, त्यात माणसं आळीपाळीने राहतात. जिथे हे काम चालतं तिथेच जाऊन शिकावं, असं अठरा वर्षांच्या डोक्यात आलं, तर त्यात वावगं काय?

वावगं काहीच नाही. फक्त बॅग भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्यायला हव्यात. तिथे नेमकं काय शिकवतात, कोणाला शिकवतात, आणि शिकून आल्यावर इथे वाट कोण पाहत असतं? तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. बीजिंगमध्ये बेइहांग नावाचं विद्यापीठ आहे. १९५२ मध्ये वेगवेगळ्या विद्यापीठांतले विमानशास्त्राचे विभाग एकत्र करून ते उभं राहिलं. चीनच्या विमान आणि अवकाश उद्योगाला माणसं पुरवणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी ते एक. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असं एक प्रादेशिक केंद्र सुरू झालं. आशिया-पॅसिफिकसाठी अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं शिक्षण देणं हे त्याचं काम. इथे इंग्रजी माध्यमातून पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि विषय असतात सुदूर संवेदन, उपग्रह दळणवळण, दिशादर्शन, छोटे उपग्रह, अवकाश कायदा आणि धोरण. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या आंतरराष्ट्रीय अवकाश विद्यापीठाचं फिरतं उन्हाळी सत्रही २००७ मध्ये बीजिंगलाच भरलं होतं.

पैशाचं गणितही मोहात पाडणारं आहे. चीन सरकारची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तर फी माफ, वसतिगृह फुकट आणि वर दरमहा भत्ता. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ३,००० युआन, पीएचडी करणाऱ्याला ३,५००. ३,००० युआन म्हणजे पस्तीस हजार रुपयांहून अधिक. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएससाठी फ्लॅट गहाण ठेवणाऱ्या बापाला हा आकडा ऐकून घाम फुटेल, आनंदाने.

आता दुसरा प्रश्न. हे वर्ग भरतात कोणासाठी?

बीजिंगमध्येच आशिया-पॅसिफिक अवकाश सहकार्य संघटनेचं मुख्यालय आहे. २००८ पासून ती कार्यरत आहे. चीन, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, मंगोलिया, पेरू, थायलंड आणि तुर्कस्तान हे तिचे सदस्य. या यादीत भारत नाही. यातल्या बहुतेक देशांची गरज सरळ आहे. त्यांना पूर आला तर उपग्रहाचं चित्र वाचता आलं पाहिजे, जंगल किती तुटलं ते मोजता आलं पाहिजे, आपल्या उपग्रहाचं भूकेंद्र आपल्या माणसांना चालवता आलं पाहिजे. बीजिंगचा अभ्यासक्रम या गरजेच्या मापाने कापलेला आहे. रॉकेटचं इंजिन किंवा मार्गदर्शन यंत्रणा त्यात शिकवत नाहीत, आणि याबद्दल एकट्या चीनला बोल लावता येणार नाही. रॉकेट आणि क्षेपणास्त्र एकाच तंत्राची भावंडं असल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यासमोर त्या कपाटाची किल्ली कोणताच देश सहजासहजी ठेवत नाही.

मग चीन एवढा खर्च कशासाठी करतो? भोसरीतल्या कोणत्याही वर्कशॉप मालकाला विचारा, तो लगेच सांगेल. पोरगा ज्या कंपनीच्या कंट्रोलरवर सीएनसी शिकला, पुढे मशिन घेतानाही तो त्याच कंपनीचं नाव सुचवतो. नायजेरियासाठी चीनने दळणवळणाचा उपग्रह बांधला, मे २००७ मध्ये सोडला आणि तो चालवणारे नायजेरियन इंजिनीअरही चीनमध्येच तयार केले. दीड वर्षात, नोव्हेंबर २००८ मध्ये, त्या उपग्रहाची वीजयंत्रणा बिघडली आणि तो बंद पडला. डिसेंबर २०११ मध्ये बदली उपग्रह सोडला तो पुन्हा चीननेच. व्हेनेझुएलाचा उपग्रह २००८ मध्ये गेला, बोलिव्हियाचा २०१३ मध्ये. दोन्ही चिनी बनावटीचे, चिनी रॉकेटवरून गेलेले, आणि दोन्ही देशांची माणसं शिकली चीनमध्ये.

शेजारचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. चंद्राच्या पलीकडची माती आणणारी चिनी मोहीम मे २०२४ मध्ये निघाली, तेव्हा तिच्यासोबत पाकिस्तानचा एक चिमुकला उपग्रह होता. पाकिस्तानच्या अवकाश तंत्रज्ञान संस्थेने शांघायच्या विद्यापीठाबरोबर तो तयार केला आणि त्याला जागा मिळाली ती याच सहकार्य संघटनेमार्फत. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी आणखी एक करार केला. त्यानुसार पाकिस्तानी अंतराळवीर चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन चिनी स्थानकात जाणार आहे.

हे वाचून नाक मुरडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हाच उद्योग भारताने चीनच्या आधी सुरू केला होता. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असं अवकाश शिक्षणाचं पहिलं प्रादेशिक केंद्र १ नोव्हेंबर १९९५ रोजी डेहराडूनला स्थापन झालं, म्हणजे बीजिंगच्या केंद्राच्या एकोणीस वर्षं आधी. सुदूर संवेदनाचे धडे डेहराडूनला, उपग्रह दळणवळण आणि हवामानशास्त्राचे अहमदाबादला, अशी त्याची रचना. शेजारी देशांतले सरकारी अधिकारी आणि संशोधक तिथे नऊ-नऊ महिने राहून शिकतात. जानेवारी २०१९ मध्ये इस्रोने बंगळुरूला 'उन्नती' नावाचा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. छोटा उपग्रह कसा जोडायचा आणि कसा तपासायचा, हे तिथे हाताने करून शिकवलं. पहिल्या तुकडीत १७ देशांचे ३० जण होते. भूतानच्या इंजिनीअरांना बंगळुरूत शिकवून त्यांच्यासोबत तयार केलेला उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला.

थोडक्यात, या शाळेत भारताची जागा बाकावर नाही, फळ्यापाशी आहे. माणचा विद्यार्थी बीजिंगला जाऊन जे शिकेल, त्यातला बराचसा भाग भूतानचा विद्यार्थी भारतात येऊन शिकतो आहे. गंमत अशी, की भूतानच्या विद्यार्थ्याला डेहराडून ठाऊक असतं, माणच्या विद्यार्थ्याला नसतं.

आता तिसरा प्रश्न. त्यासाठी साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एमआयटीमध्ये ब्रुनो रॉसी यांच्यासारख्या शास्त्रज्ञाबरोबर वैश्विक किरणांवर काम करत होते. विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि ते परत आले. थुंब्याच्या रॉकेट केंद्राची जागा निवडण्यात त्यांचा हात होता. पुढे १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या सूत्रधारांपैकी ते एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून, पुण्यातच त्यांचं निधन झालं. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे १९६३ मध्ये, ऐन विशीत, नासाच्या केंद्रात शिकायला गेले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून भारताचं पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं होतं, पण ते उडवणारी भारतीय माणसं नुकतीच शिकून आलेली होती. वसंत गोवारीकरांनी बर्मिंगहॅमला पीएचडी केली, ब्रिटनमध्ये अणुऊर्जेच्या आणि रॉकेट इंधनाच्या प्रयोगशाळांत काम केलं, आणि १९६७ मध्ये ते थुंब्याला आले. भारताच्या घन इंधनाचा पाया त्यांनी घातला. नंतर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही.

हिमालयाच्या पलीकडची कथाही अशीच सुरू होते. छ्येन श्युएसेन १९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. आधी एमआयटी, मग कॅलटेक. आज मंगळावर गाड्या चालवणाऱ्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापक मंडळींत त्यांची गणना होते. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेने त्यांचा गोपनीय संशोधनाचा परवाना काढून घेतला, पाच वर्षं नजरेखाली ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला जाऊ दिलं. पंधरा वर्षांनी, २४ एप्रिल १९७० रोजी, चीनचा पहिला उपग्रह आकाशात होता. ज्याला अमेरिकेने संशयावरून घालवलं, तो चिनी रॉकेटविद्येचा जनक ठरला.

या चौघांच्या कथेत एमआयटी किंवा बर्मिंगहॅम हे अर्धंच उत्तर आहे. चिटणीस परतले तेव्हा साराभाई वाट पाहत होते. काळे आणि गोवारीकर आले तेव्हा थुंबा उभं राहत होतं. छ्येन परतले तेव्हा अख्खं सरकार वाट पाहत होतं. परदेशी शिकलेलं घेऊन यायला घरी मोकळी खोली होती, म्हणून ते शिक्षण देशाच्या कामी आलं.

बेइहांगची पदवी घेऊन आज परतणाऱ्या मराठी इंजिनीअरसाठी अशी खोली कुठे आहे?

इस्रोची भरतीची जाहिरात वाचली, तर चित्र स्वच्छ होतं. शास्त्रज्ञ-इंजिनीअर पदाच्या मोठ्या भरतीत जागा प्रामुख्याने तीन शाखांच्या असतात. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स. पात्रता म्हणजे बीई किंवा बीटेकला किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए. मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. यात कुठेही 'अवकाश' नावाची पदवी मागितलेली नाही. आकुर्डी-निगडीच्या कॉलेजातून चांगल्या मार्कांनी पास झालेला मेकॅनिकलचा विद्यार्थी या रांगेत थेट उभा राहू शकतो. परदेशातून आलेल्याला मात्र आधी आपली पदवी समकक्ष असल्याचा कागद मिळवावा लागतो. शिवाय सरकारी नोकरीआधीची पार्श्वभूमीची चौकशी आहेच. पासपोर्टवर बीजिंगचे शिक्के असणं हा गुन्हा नाही, पण त्या टेबलावर ते शिक्के कोणी कौतुकाने पाहणार नाही.

चीनमध्ये शिकण्याचा धोका किती अचानक अंगावर येतो, हे महाराष्ट्रातल्या शेकडो घरांना आधीच कळलेलं आहे. २०२० च्या सुरुवातीला कोविड आला, चीनने सीमा बंद केल्या आणि भारतातले २३ हजारांहून अधिक विद्यार्थी, त्यातले बहुतेक वैद्यकीयचे, मायदेशी अडकले. ऑगस्ट २०२२ पर्यंत त्यांना व्हिसा मिळाला नाही. पुस्तकं तिकडे, सामान वसतिगृहात, वर्ग मोबाइलवर. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलं, की पूर्वपरवानगीशिवाय केवळ ऑनलाइन केलेली पदवी मान्य होणार नाही. भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं. दोन देशांचे संबंध थंडावले, की सगळ्यात आधी हुडहुडी भरते ती विद्यार्थ्याला.

मग अमेरिकेला जावं का? तिथली गोष्टही एजंट पूर्ण सांगत नाही. रॉकेटचं तंत्रज्ञान अमेरिकेत शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली येतं. त्यामुळे एरोस्पेसमध्ये एमएस केलेल्या भारतीयाला तिथल्या रॉकेट कंपन्यांत नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाशिवाय काम मिळणं फार अवघड. फी भरताना कोणी अडवत नाही, अडवतात ते नोकरीच्या दारात. २०११ पासून तर नासाला चीनशी थेट सहकार्य करायलाच तिथल्या कायद्याने मज्जाव आहे. बेइहांगचं नाव २००१ पासून अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत आहे. आधी बीजिंग, नंतर बोस्टन असा बेत कोणी आखत असेल, तर व्हिसाच्या खिडकीवरच्या प्रश्नांची उत्तरं त्याने आत्तापासून तयार ठेवावीत.

म्हणूनच ज्याला रॉकेट किंवा उपग्रह बनवायचा आहे, त्याने माणमधून पूर्वेला बीजिंगकडे बघण्याआधी आपल्याच जिल्ह्यात एक फेरी मारावी. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर उसासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची खोळ तयार होत आली आहे. २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग स्टीलचं नळकांडं. त्याच्या वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर राहिली, तर पुढचं सगळं आकाशात फुटतं. मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये रॉकेटची 'विकास' इंजिनं बनतात. पीएसएलव्ही रॉकेट आता अख्खंच उद्योगांकडून बांधून घ्यायचं ठरलं, तेव्हा २०२२ मध्ये पाच रॉकेटांचं ८६० कोटी रुपयांचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळालं. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सूर्याची अतिनील चित्रं घेणारी दुर्बीण आकाराला आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती आदित्य-एल१ यानासोबत गेली.

चाकण-भोसरीच्या शॉप फ्लोअरवर मायक्रॉनचं टॉलरन्स ही रोजची भाषा आहे. फिक्स्चर कसं बांधायचं, जॉब गरम झाला तर माप किती सरकतं, क्यूसीवाला कुठे बोट ठेवणार, हे इथल्या डिप्लोमावाल्या पोराला पाठ असतं. अवकाश उद्योगाला नेमकी हीच माणसं लागतात. त्यांना कमी पडते ती ओळख, आणि ती बीजिंगमध्ये मिळणारी नाही.

पण एवढं म्हणून चीनवर काट मारणं हा अर्धवटपणा होईल. एका प्रकारच्या विद्यार्थ्याने चीनला जरूर जावं. ज्याला चीन समजून घ्यायचा आहे, त्याने.

या पट्ट्याला चीन समजून घेण्याची गरज नाही, असं कोण म्हणेल? चाकणला सॅनीच्या पोकलेन यंत्रांचा कारखाना आहे, रांजणगावला हायरचे फ्रिज बनतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प ग्रेट वॉल ही चिनी कंपनी घेणार होती. जून २०२० मध्ये राज्य सरकारशी करारही झाला. त्याच दिवसांत सीमेवर गलवानमध्ये दोन्ही देशांच्या सैनिकांचं रक्त सांडलं आणि सगळं थांबलं. शेवटी तो कारखाना गेला ह्युंदाईकडे. मधली काही वर्षं हजारो कामगारांची घरं बीजिंग आणि दिल्लीतल्या बातम्यांवर टांगलेली होती. त्या बातम्या चिनी भाषेतून वाचून अर्थ सांगणारा इंजिनीअर या पट्ट्यात शोधावा लागेल. जपानी शिकवणारे वर्ग पुण्यात जागोजागी आहेत, कारण जपानी शिकलेल्याला नोकरी मिळते हे घराघरात ठाऊक आहे. चिनीच्या वाट्याला ते भाग्य आलेलं नाही.

अवकाशाच्या बाबतीत ही उणीव आणखी बोचते. चीनने जून २०२० मध्ये आपली बेइदोऊ दिशादर्शन प्रणाली पूर्ण केली. जुलै २०२३ मध्ये मिथेनवर चालणारं रॉकेट कक्षेपर्यंत नेणारी जगातली पहिली कंपनी ठरली ती चीनमधली, आणि तीही खासगी. या प्रगतीमागचे शोधनिबंध, निविदा, मासिकं चिनी भाषेत निघतात. आपल्याकडे ती सगळी बातमी इंग्रजीतून गाळून येते, तीही बहुतेकदा अमेरिकी चाळणीतून. शेजारी काय बांधतो आहे, हे तिसऱ्याच्या तोंडून ऐकायची ही सवय परवडणारी नाही.

मराठी माणसाला हे काम नवं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव आजही चीनमध्ये आदराने घेतलं जातं. नाटककार म्हणून आपल्याला माहीत असलेले गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जेएनयूमध्ये चीनचे अभ्यासक होते. विजय गोखले चीनमध्ये राजदूत होते, नंतर परराष्ट्र सचिव झाले, आणि आता चीनवर पुस्तकं लिहितात. वैद्यक झालं, विचार झाला, मुत्सद्देगिरी झाली. या रांगेत इंजिनीअरची जागा रिकामी आहे. बेइहांगमध्ये दोन-तीन वर्षं राहून, चिनी बोलायला-वाचायला शिकून आणि तिथल्या अवकाश उद्योगाची आतली घडी समजून घेऊन कोणी परतलं, तर तो माणूस देशाला हवा आहे.

संवादाची खिडकी पूर्ण बंदही नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी चिनी अवकाश स्थानकासाठी जगभरातून नऊ प्रयोग निवडले. त्यातल्या एकात बंगळुरूची भारतीय खभौतिकी संस्था रशियन संस्थेबरोबर भागीदार होती. दोन सरकारं एकमेकांशी तुटक बोलत असतानाही शास्त्रज्ञांना एकाच यादीत बसता येतं, ते असं.

मात्र अशा विद्यार्थ्याने स्वतःच्या हिमतीवर आणि एजंटच्या भरवशावर जाऊ नये, त्याला पाठवलं गेलं पाहिजे. साराभाईंनी जे चिटणिसांसाठी केलं, ते आज एखाद्या विद्यापीठाने, राज्य सरकारने किंवा इस्रोने चार-दोन मुलांसाठी करायला हवं. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांत चीनच्या तांत्रिक अभ्यासासाठी दोन जागा राखता येतील. पुणे विद्यापीठात तांत्रिक चिनी वाचनाचा सहा महिन्यांचा वर्ग निघू शकेल. जाण्याआधीच परतल्यावरची खुर्ची ठरलेली असावी. तोवर स्वतःच्या खर्चाने बीजिंग गाठणं ही रोमांचक सहल ठरेल, करिअरचा बेत ठरणार नाही.

आणि ज्या घरात आत्ता, या आठवड्यात हा विषय निघाला आहे, त्यांनी एजंटला ॲडव्हान्स देण्याआधी एवढं तपासावं. अभ्यासक्रम पूर्णवेळ, वर्गात बसून करायचा आहे का? पदवीची समकक्षता भारतात मिळते का? शिष्यवृत्तीचं पत्र विद्यापीठाचं आहे की फक्त दलालाचं? आणि मुलाला चिनी भाषा शिकायची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची गरजच नाही.

मूल अजून शाळेत असेल, तर काम आणखी सोपं. नववीच्या मुलांसाठी इस्रो २०१९ पासून 'युविका' हा निवासी वर्ग घेतं. कॉलेजातल्या मुलांसाठी डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरस्थ अभ्यासक्रम चालवते आणि ते घरबसल्या करता येतात. यातल्या कशासाठीही फ्लॅट गहाण ठेवावा लागत नाही.

राहिला प्रश्न हाताने उपग्रह बनवण्याचा. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यात जेमतेम एक किलोचा, दहा सेंटिमीटर बाजूचा 'स्वयम्' होता. तो बांधला पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, एकामागून एक तुकड्यांनी, जवळपास आठ वर्षं खपून. माणमधल्या डेपोपासून निघणाऱ्या मेट्रोचा मार्ग शिवाजीनगरला संपतो. तिथून सीओईपी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.